वेलीला घड किती धरलेत?

महत्त्वाकांक्षी असणं चांगलं का, हा प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात कुणी या शब्दांत विचारत नाही. तिथं बांधावर उभं राहून विचारतात, ‘वेलीला घड किती धरलेत?’ उत्तराच्या आकड्यावरून माणसाची पारख होते. ४५ म्हणणारा धाडसी, १५ म्हणणारा भित्रा. मला ही पारखच चुकीची वाटते. आकडा मोठा असायला हरकत काहीच नाही. तो एप्रिलात ठरवला होता की घड बाहेर पडल्यावर, एवढंच बघायचं.

आधी हिशेब. लागण ९ बाय ५ फुटांची धरली तर वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट येतात आणि एकरात साधारण ९६८ वेली बसतात. ठोकताळा असा, की दीड चौरस फुटाला एक घड, म्हणजे वेलीला ३०. घड ३५० ग्रॅमचा भरला तर एकरी १० टन निघतात. आता ३० चे ४५ करा. कागदावर लगेच १५ टन होतात, आणि ते कागदावरच राहतात. एका घडात साखर भरायला त्याच्या काडीवर १५-१६ निरोगी पानं लागतात. घड दीडपट झाले म्हणून मांडव काही दीडपट होत नाही. जास्तीच्या काड्या वर घेतल्या की पानावर पान चढतं, आणि सावलीतलं पान नावालाच हिरवं असतं, कमाई त्याची जवळजवळ शून्य.

मग फेब्रुवारीत साखर १४-१५ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे ढोबळमानानं रसातल्या साखरेची टक्केवारी) अडकून बसते. शेजारची बाग उतरून जाते, आपली उभीच. पाणी तोडलं, पोटॅश सोडलं, आणखी पंधरा दिवस थांबलो तरी काटा हलत नाही. घडाच्या टोकाकडचे मणी मऊ पडतात, आत नुसतं पाणी. तोवर दर खाली आलेला असतो.

‘मग बेदाणा करू’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. पण बेदाण्यात तर हाव लगेच उघडी पडते. बेदाण्यात पाणी साधारण १५ टक्के राहतं, बाकी सगळा मुख्यतः साखरेचा भाग. त्यामुळं २२ ब्रिक्सच्या १२ टन मालातून ढोबळमानानं ३.१ टन बेदाणा निघतो, आणि १७ ब्रिक्सच्या १५ टनांतून ३ टन. म्हणजे तीन टन द्राक्ष जास्त पिकवायची, तोडायची, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची, शेडच्या जाळ्यांवर पसरायची आणि शेवटी हातात १०० किलो कमीच. वर कमी साखरेचा बेदाणा चपटा, कातडीचा. मजुरी मात्र पूर्ण पंधरा टनांची.

मोठी उमेद दाखवायची खरी जागा खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या काढून नव्या फुटवण्यासाठीची छाटणी. एप्रिलात छाटल्यावर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत (अंकुरांत) पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, डोळ्याला न दिसता. त्या दिवसांत डोळ्यांवर ऊन पडलं पाहिजे. ४५ चौरस फुटांना ३०-३५ काड्या पुष्कळ झाल्या, बाकी विरळून टाकायच्या. सात पानांवर शेंडा मारून सबकेन (बाजूनं फुटणारी उपकाडी) करायची आणि नत्राचा हात आखडायचा, नाहीतर वेल शेंड्याकडेच पळत सुटतो. ज्याला खरंच १२ टनांची इच्छा आहे त्यानं मे-जूनच्या या कामात कुचराई करू नये. पण उन्हाळ्यात बागेकडं फिरकायचं नाही आणि ऑक्टोबरात आकडा मोठा बोलायचा, ही आपल्याकडची जुनी सवय.

फळछाटणीच्या, म्हणजे घड बाहेर काढण्यासाठीच्या दुसऱ्या छाटणीच्या, आधी काड्या प्रयोगशाळेत न्याव्यात. बारीक, मध्यम आणि जाड अशा तिन्ही घ्याव्यात, फक्त देखण्या नकोत. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून घड कितव्या डोळ्यात आहे ते कळतं, आणि छाटणी कुठं मारायची हे त्यावर ठरतं. न बघता सगळी बाग एकाच डोळ्यावर छाटली, तर घड जिरतात, बाळ्या (घडाऐवजी नुसते तणावे) निघतात आणि दोष मात्र औषधाच्या दुकानदारावर जातो.

तारखेचा लोभ हा आणखी एक प्रकार. आगाप (हंगामाआधी येणारा) माल, चढा दर, म्हणून छाटणी ऑगस्ट-सप्टेंबरात ओढायची. छाटल्यापासून साधारण ४० दिवसांनी फुलोरा, म्हणजे तो नेमका परतीच्या पावसात सापडायची भीती. मग दावण्या रोग, घडकूज आणि गळ. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसात आगाप बागांचं काय झालं ते या पट्ट्याला सांगायला नको. आगाप करूच नये असं माझं म्हणणं नाही. सगळी बाग मात्र एकाच तारखेला लावू नये. तीन एकर असेल तर एक एकर आगाप, दोन वेळेवर.

आणि १५ घडवाला? तो शहाणा ठरत नाही. भार कमी असला की वेलीचा जोर फुटींत जातो. शेंडे मारता मारता माणूस थकतो, मांडव दाटतो आणि भुरी रोगाला आयतं घर मिळतं. खतपाण्याचा आणि फवारणीचा खर्च ३० घडांएवढाच येतो.

जास्तीचे घड फुलोऱ्याआधी काढावेत, कारण मणी फुगल्यावर कात्री धरवत नाही. पुढची विरळणी मणी ज्वारीएवढे असताना करायची. घडाला १०० च्या आसपास मणी ठेवले, प्रत्येक साडेतीन ग्रॅमचा भरला की ३५० ग्रॅम होतातच. ज्यांनी विरळणी चुकवली ते जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडची) मात्रा वाढवून भरून काढायला बघतात. त्यानं साल जाड होते, देठ ताठर होतो आणि काढणीनंतर मणी गळतात. कापलेले घड वेलीखाली सोडू नयेत, त्याच संध्याकाळी गोळा करून बागेबाहेर न्यावेत. सडायला लागले की रोग तिथूनच वर चढतो.