मुंगी चिरडणारं मूल वाईट असतं का?

मुलगा मुंग्या चिरडतो, मुलगी फुलपाखराचे पंख उपटते, आणि आईच्या पोटात गोळा येतो. मग ती रात्री मोबाईलवर शोधत बसते आणि तिथे पहिलंच वाचायला मिळतं की लहानपणी प्राण्यांना त्रास देणारी मुलं मोठेपणी खुनी होतात. एका मैत्रिणीने हेच वाचून मला रडवेल्या आवाजात फोन केला, तिचा मुलगा तीन वर्षांचा आणि त्याने सुरवंट पायाखाली घेतला एवढंच. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी त्या खुनी वाल्या गोष्टीबद्दल. 1963 साली मॅकडोनाल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक पेपर लिहिला होता, जीवे मारायच्या धमक्या देणाऱ्या पेशंट्सबद्दल, त्यात अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांशी क्रूरपणा या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. नंतरच्या संशोधनात हे त्रिकूट काही नीट टिकलं नाही. पण इंटरनेटवर ते अजून फिरतंय आणि तीन वर्षांच्या पोरांच्या आयांना घाबरवतंय, मला याचा मनापासून राग येतो.

आता मुलाच्या बाजूने बघा. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा बोटांवर धड कंट्रोल नसतो, त्याला किडा पकडायचा असतो आणि तो चिरडला जातो, तेच मूल लाडाने तान्ह्या भावाला मिठी मारतं तेव्हाही तो कळवळून रडतो. थोडं मोठं झाल्यावर मूल मुद्दाम दाबतं, पण तेव्हाही आपण समजतो ते त्याच्या डोक्यात नसतं. जीन पियाजे या मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुलांना विचारलं होतं की काय काय जिवंत असतं, तर लहान मुलं सूर्य, वारा, सायकल सगळ्यांनाच जिवंत म्हणायची कारण ते हलतात. ज्याला सायकल आणि मुंगी यातला फरक पक्का झालेला नाही त्याला "जीव घेतलास" म्हणून काय कळणार? आणि मेलेलं परत उठत नाही, ही गोष्ट बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कुठे नीट कळते.

माझी भाची चार वर्षांची असताना मी हे अगदी जवळून पाहिलंय. मुंग्यांची रांग चालली होती, तिने एकीवर बोट दाबलं, उचललं, बघितलं, मुंगी हलेना. मग हिने वाकून तिच्यावर हळूच फुंकर मारली आणि म्हणाली "ऊठ ना आता". थोडा वेळ थांबली, परत फुंकर. मग मला विचारलं, "ही कधी चालणार?" मी म्हटलं आता नाही चालणार, कधीच नाही. तिचा विश्वास बसला नाही, तिने ती मुंगी बोटाने सरकवून रांगेत ठेवली, दुसरी एक मुंगी आली, तिने मिशांनी चाचपलं आणि पुढे गेली, आणि तेव्हा कुठे भाचीचा चेहरा बदलला. (मेलेल्या मुंगीला बाकीच्या मुंग्या नंतर उचलून वारुळापासून लांब नेऊन टाकतात, हे मी तिला सांगितलं तर तिला वाटलं दवाखान्यात नेतात.)

मग या मुलांना दया नसते का? असते की! दोन वर्षांचं मूलसुद्धा रडणाऱ्या माणसाला आपलं खेळणं नेऊन देतं. पण ती दया चेहरा बघून, रडणं ऐकून जागी होते, आणि मुंगीला ना ओरडता येतं ना डोळ्यात पाणी येतं. सुरवंट वेटोळं करून घेतो, तर मुलाला वाटतं वा, बटण दाबलं की गोल होतो, परत दाबू. शिवाय दिवसभर ज्याला ऊठ, बस, खा, झोप असं सगळे सांगत असतात, त्याच्या हुकमतीखाली येणारी त्याच्या जगातली एकच गोष्ट म्हणजे हा किडा.

आणि आपण मोठे काय करतो तेही बघा ना. झुरळ दिसलं की किंचाळून स्प्रे मारतो, डास टाळी वाजवून मारतो, आणि त्याच मुलाने गोगलगाय ठेचली की "राक्षस आहेस का!" मूल बिचारं गोंधळणारच. त्याला फरक सांगावा लागतो, डासामुळे आजार होतात, गोगलगाय तुझं काहीच बिघडवत नाही.

ओरडण्यापेक्षा काय झालं ते साध्या शब्दात सांगितलेलं जास्त पोचतं. "तिचा पाय तुटला, आता तिला घरी जाता येणार नाही." बस एवढंच, आणि मग हाताला दुसरं काम. भिंग द्या, भोकं पाडलेली बरणी द्या, दहा मिनिटं बघ आणि जिथून आणलंस तिथे सोड. गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात हे सांगून बघा, मूल ठेचायचं विसरून तोंड शोधायला लागतं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1693 मध्येच लिहून ठेवलंय की पाखरं-फुलपाखरांना छळायची सवय लागू देऊ नका, त्याने मन माणसांबद्दलही निबर होतं. पण त्याच्याच लिखाणात एक आई आहे जी मुलींना कुत्रा, खार, पक्षी हवं ते पाळू द्यायची, अट एकच, नीट सांभाळायचं. मला ती आई फार आवडते.

काळजी कधी करायची? मूल सहा-सात वर्षांच्या पुढचं आहे, त्याला दुखतं हे कळतंय, तरी लपून, परत परत करतंय, किड्यांवरून मांजराच्या पिल्लापर्यंत गेलंय आणि ते तडफडताना त्याला मजा येतेय, तर हे कुतूहल नाही. प्राण्यांशी क्रूरपणा 1987 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये मुलांच्या वर्तनविकाराच्या लक्षणांत आहे, अर्थात एकट्या या लक्षणावरून निदान होत नाही. अशा वेळी त्या मुलाला कोणी मारतंय का, घरात कोणी कोणाला मारताना ते बघतंय का, हे आधी तपासा, कारण खूपदा ते जे सोसतं किंवा बघतं तेच पिल्लावर काढतं. आणि बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाल तेव्हा आधी तुम्ही एकटे बोला, मुलाला शेजारी बसवून "हा असं असं करतो" ही यादी वाचू नका.