वकील बदलायचा होता, फाईल सुटत नव्हती

अडीच महिने. घटस्फोटाच्या केसमध्ये एवढा वेळ मला नुसती जुन्या वकीलसाहेबांची एनओसी (नव्या वकिलाला केस द्यायला हरकत नाही, असं पत्र) आणि फाईल मिळवायला लागला. नोटीस, समुपदेशकाकडच्या बैठका हे त्या मानाने सुरळीत पार पडलं.

नवे वकील म्हणतात, "आधी जुन्यांची एनओसी आणा." जुने म्हणतात, "राहिलेली फी भरा, मग बघू." किती राहिली, तर आकडा दर वेळी वेगळा. कारण एकाही रकमेची पावती नव्हती, सगळं रोख. (पहिल्याच दिवशी फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या. ऑनलाइन भरली तर उत्तमच.)

फीसाठी वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. तिथे एका बँकेच्या फायली अडवल्या होत्या आणि तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार ठरला. थकलेली फी मागायचा हक्क वकिलाला आहेच, पण ती वसूल करायची वाट वेगळी. लग्नाचा मूळ दाखला, बँकेचे उतारे हे आपले कागद आहेत.

एनओसी ही तर मुळात वकिलांमधली रीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३, नियम ४ बघा: पक्षकाराने सही करून लेखी अर्ज द्यायचा आणि कोर्टाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र रद्द करून घ्यायचं. त्याआधी फाईल मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची प्रत अर्जाला जोडा. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराने स्वतः बोलणं अपेक्षितच असतं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. पुकारा झाला की उभं राहायचं आणि अर्ज द्यायचा. हे पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. फाईल मिळेपर्यंत कोर्टाच्या नकला विभागात अर्ज टाकून दाखल कागदांच्या प्रमाणित प्रती काढत राहा.

खरं तर संशय आधीच यायला हवा होता. "तारीख पडली" एवढंच उत्तर मिळत असेल तर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मागा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा स्वतः बघा. रोजनाम्यात (कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीत) मुदतवाढीचा अर्ज आपल्याच बाजूने गेलेला दिसला, तर का ते विचारा. कैफियतीची (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची) मुदत ३० दिवस, फार तर ९०. ती आपल्याला न सांगता उलटली असेल तर तो निव्वळ निष्काळजीपणा.

पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणारा वकील लगेच सोडा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. मालमत्ता आणि उत्पन्नाच्या शपथपत्रात "पगार थोडा कमी दाखवू" असं सुचवलं, तर लक्षात ठेवा, सही आपली आणि अडकणारही आपणच. "कलम ८५ टाका, समोरचे आपोआप नमतील" हाही त्यातलाच सल्ला (भारतीय न्याय संहितेचं हे कलम म्हणजे जुनं ४९८अ, सासरच्या छळाचं).

उलट, कोर्टाच्या वेळेत फोन न उचलणं, साध्या तारखेला ज्युनिअरला पाठवणं, निकालाची हमी न देणं यात गैर काही नाही. हमी देणाऱ्याचीच जास्त भीती वाटते.

तक्रार करायची तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली. ताकीद, निलंबन, सनद रद्द, एवढं तिथे होऊ शकतं. ग्राहक आयोगाकडे चपला झिजवू नका; मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो रस्ता बंद झालाय.

आणि फाईल हातात आली की पोच लगेच सही करून देऊ नका. तिथेच बसून निशाणी क्रमांकाप्रमाणे (कोर्टाने प्रत्येक दाखल कागदाला दिलेला नंबर) कागद जुळवा. माझ्या फाईलमध्ये निशाणी ५ चा अर्ज होता, त्यावरचं समोरच्यांचं लेखी म्हणणं गायब होतं. पोचेवर तसं लिहूनच सही केली.