थाळनेरला जाऊन आलो

पंधरा दिवस मराठेशाहीच्या शेवटच्या लढायांवरची एक कादंबरी उशाशी होती. महिदपूरला होळकर हरले तिथं आलो आणि एकदम पेटलं, अरे, होळकरांचा थाळनेरचा किल्ला तर आपल्या शिरपूरच्या अंगणात!

आज गाडीला किक मारली. आत्या म्हणाली, "तठे आते काय शे रे, नुसती माती!" खरंच, तापीकडचा ढासळता तट, काटेरी झुडपं, बकऱ्या. पण २७ फेब्रुवारी १८१८ माहीत असेल तर पाय निघत नाही. मंदसोरच्या तहात होळकरांनी किल्ला इंग्रजांना देऊन टाकलेला, तरी किल्लेदार तुळशीराम मामा हटला नाही. दरवाज्याच्या झटापटीत इंग्रजांचे अधिकारी पडले. मग किल्ल्यातल्या शिबंदीची, म्हणजे सैनिकांची, कत्तल झाली आणि जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. शाळेत पानिपत घोकून घेतलं, हे कुणी सांगितलं नाही.

रात्री आत्याकडे कळण्याची भाकरी, ठेचा. दसऱ्याला पुजतो त्या तलवारीचं विचारलं. "तुना आजाना आजानी शे. भाटनी वहीमा लिखेल व्हई." भाट म्हणजे आमची वंशावळ लिहून ठेवणारा. खाली काढली. पातं गंजलेलं, मुठीच्या चकतीत गेल्या दसऱ्याचं कुंकू. (आपल्याकडे प्रत्येकाचा पणजोबा सरदारच असतो म्हणा. आमचा बहुधा कुणाचा तरी घोडा सांभाळत असेल.)

भाट येतो दिवाळीनंतर. यंदा त्याला चहा पाजून कटवायचं नाही, वही उघडायला लावायची.