प्रोटोटाइपला पूर दाखवला

आज कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरांसाठीच्या अलार्म-पडद्याच्या प्रोटोटाइपवर अलार्मचा पूर सोडला. एकेक अलार्म सावकाश येतो, ओळ लाल होते, आपण क्लिक करतो, या चालीवर कुठलाही इंटरफेस शहाणाच दिसतो. म्हणून वेग घेतला ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनचा. १९९४ साली तिथल्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक.

आमची यादी त्यात अक्षरशः पळायला लागली. नवा अलार्म सगळ्यात वर येतो, बाकीच्या ओळी खाली सरकतात आणि बोट टेकेपर्यंत त्या जागी भलतीच ओळ. चाचणीला बसलेले ऑपरेटर म्हणाले, "अहो, मी पंपावर बोट ठेवलं होतं, हा व्हॉल्व्ह कुठून उघडला?" स्थिर चित्रांवर महिनाभर चर्चा केली असती तरी हे दिसलं नसतं.

दुपार त्यातच गेली. आता यादीला हात लागला की ती थांबते, नवे अलार्म वरच्या पट्टीत नुसते मोजले जातात. पण थांबलेल्या यादीमागे एखादा गंभीर अलार्म दडून बसला तर? म्हणून सर्वोच्च प्राधान्याच्या अलार्मना वेगळी, न हलणारी जागा दिली. ती लहानच ठेवलीय. तिथेही गर्दी झाली, तर चूक पडद्याची नाही, प्राधान्यं वाटणाऱ्याची.

भोंगा बंद करणं आणि अलार्म अ‍ॅकनॉलेज करणं ही दोन बटणं लांब लांब नेली. कान किटले की माणूस आवाज थांबवायला दिसेल ते दाबतो आणि न वाचलेला अलार्म 'पाहिला' म्हणून नोंदला जातो. 'सगळे अ‍ॅकनॉलेज' तर मी काढूनच टाकलं. टीममध्ये कुरकुर आहे, असू दे.

रंगाला आकाराची जोड दिली, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष कमी नसतात.

एक मागणी मात्र नाकारली. टाकीची पातळी मर्यादेपाशी हिंदकळते आणि तोच अलार्म सारखा येतो-जातो. तो पडद्यावर एका ओळीत गुंडाळून द्या, असं म्हणणं होतं. त्यावर उपाय कंट्रोल सिस्टीममध्ये डेडबँड, म्हणजे अलार्म लागण्याच्या आणि विझण्याच्या पातळीतलं अंतर, वाढवण्याचा आहे. इथे गुंडाळला, तर तिकडे कुणी हात लावणार नाही.