१.०१२ वर थांबलेली बिअर

बिअर बाटलीत भरायला तयार झाली का, हे ठरवताना बहुतेक लोक बुडबुडे बघतात आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत येऊ न देणारी पाण्याची छोटी नळी) शांत झाला की यीस्टचं काम संपलं, असं धरून चालतात. पण झाकणाचं रबर जरा सैल असलं तरी गॅस तिथूनच निघून जातो आणि आत जोरात फर्मेंटेशन चालू असताना एअरलॉक गप्प बसतो, आणि उलट काम कधीच संपलेलं असताना खोली तापली की बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो आणि बुडबुडे परत चालू होतात. म्हणून आमच्याकडे हायड्रोमीटरशिवाय निर्णय होत नाही. ही द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी, पाणी १.००० दाखवते, आणि यीस्ट साखर खाऊन तिचं अल्कोहोल आणि गॅस करत जातं तसा बिअरचा हा आकडा, म्हणजे ग्रॅव्हिटी, उतरत जातो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली रीडिंग्ज तंतोतंत सारखी आली आणि तो आकडा त्या बिअरला शोभणारा असला, तरच बाटल्या धुवायला काढायच्या.

हा नियम चांगला आहे, पण मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही अशा जागी उभे होतो की नियम पाळूनसुद्धा बाटल्या फुटल्या असत्या, त्याबद्दल लिहायचंय.

मी गोव्यात डिचोलीकडच्या एका छोट्या ब्रुअरीत ब्रुअर आहे, म्हणजे बिअर बनवते. टाक्या लहान, दोनशे लिटरच्या, आणि थोडी बिअर आम्ही हाताने बाटलीत भरतो, म्हणजे भरताना मोजून साखर घालायची, क्राऊन कॅप मारायची आणि बाटलीतल्या उरलेल्या यीस्टने त्या साखरेतून गॅस तयार करायचा. दोन आठवडे लागतात. त्या वेळी टाकीत एक आयपीए होती, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं), सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५६, आणि ती उतरत उतरत १.०१२ वर येऊन थांबलेली. म्हणजे साधारण ५.८ टक्के अल्कोहोल, लेबलंसुद्धा तशीच छापून आलेली.

१.०१२ हा तळ खरा आहे का हे तपासायला मी आधीच एक बरणी लावलेली होती. यात काही मोठं नाही, वर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, गोड काढा) थंड करून टाकीत सोडतानाच अर्धा लिटर बाजूला काढायचं, त्यात गरजेपेक्षा बरंच जास्त यीस्ट घालायचं, गरम जागी ठेवायचं आणि येता जाता हलवायचं. दोन-तीन दिवसांत यीस्टला त्यातलं जे जे खाता येतं ते सगळं खाऊन होतं आणि टाकीतली बिअर शेवटी कुठे थांबणार ते आधीच कळतं. बरणी १.०१२, टाकी १.०१२. इथे शंकेला जागाच नव्हती. मग आम्ही ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे वासासाठी हॉप्स न उकळता थेट टाकीतल्या बिअरमध्ये घातले, लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या वर हॉप पेलेट्स (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या). हॉप्स बाहेरून येतात, अमेरिकन सिट्रा आणि मोझॅक. आपल्याकडे हिमाचलात लाहौलमध्ये हॉप्सची शेती झालेली आहे हे फार लोकांना माहीत नाही, पण ह्या व्हरायटी तिथल्या नाहीत.

तर त्या सकाळी पाचशेच्या वर बाटल्या सॅनिटाइझ करून उलट्या लावलेल्या. किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटची ऑर्डर होती, त्यांचा जूनच्या सुरुवातीला वर्धापनदिन, आणि आमच्याकडे ठेवायला जागा नसल्यामुळे बाटल्या भरल्या की त्याच दिवशी टेम्पोने तिकडे जाणार आणि दोन आठवडे त्यांच्याच मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणार असं ठरलेलं. मे महिन्यातलं पत्र्याचं छप्पर म्हणजे काय ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

आमच्याकडे सेलरमध्ये, म्हणजे टाक्यांच्या खोलीत, एक काका आहेत, सत्तरीतले, घरची काजूची दारू गाळायची भाटी. सीझनला रजा काढून जातात आणि हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) संपला की परत येतात. टाकीतला गॅस बाहेर सोडणारा पाईप पाण्याच्या ज्या बादलीत बुडवलेला असतो, तिच्याजवळ ते बराच वेळ वाकून उभे होते. मला म्हणाले, "बाय, आजून जिवें आसा तें."

बादलीत बुडबुडा येत होता, खूप वेळाने एक, पण येत होता.

सर, म्हणजे माझे वरिष्ठ, तिथेच होते. ते म्हणाले, "काका, हॉप्स टाकले की गॅस सुटतोच. आणि रात्री लाईट गेली होती, चिलर बंद पडला, टाकी १८ वरून २४ वर गेलीय. गरम झाली म्हणून बुडबुडतेय ती."

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हॉप्सच्या बारीक कणांवर गॅस जमतो आणि सुटतो, टाकी तापली तरी सुटतो, आणि यीस्ट जागं झालं असलं तरीही बुडबुडा दिसतो तो अगदी तसाच. नुसतं बघून तिन्हीतलं कुठलं ते सांगताच येत नाही. म्हणून मी सॅम्पल काढलं, दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस घालवला कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले की ते त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा वाढतो. रीडिंग १.०१०. आमचा हायड्रोमीटर २० अंशांना कॅलिब्रेट केलेला, सॅम्पल २४ चं, म्हणजे एक पॉइंट (०.००१) मिळवायचा. १.०११ झालं. (आपल्या हवेत ही दुरुस्ती विसरू नकाच, सॅम्पल तसंच टेबलावर राहून ३० अंशांवर गेलं तर अडीच पॉइंटचा फरक पडतो, आणि ज्या आकड्यावर आपण बाटल्या भरायचं ठरवतो तो अडीच पॉइंटने खोटा असेल तर मोजलं कशाला?)

"एक पॉइंट," सर म्हणाले. "डोळ्याची चूक धर."

एक पॉइंट डोळ्याची चूक असू शकतो, मान्य. पण मला हॉप्सबद्दल एक गोष्ट माहीत होती आणि ती मला सोडत नव्हती. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात, माल्टमध्ये असतात त्याच जातीची, स्टार्च आणि डेक्स्ट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे) तोडणारी. उकळताना टाकलेल्या हॉप्समधली उकळीत मरतात. पण ड्राय हॉप थंड बिअरमध्ये जातो, आणि हॉप्स वाळवताना जी उष्णता लागते तिच्यात ती एन्झाइम्स पूर्ण मरत नाहीत. मग यीस्टला जी डेक्स्ट्रिन खाता येत नव्हती, ज्यांच्यामुळे बिअर १.०१२ वर थांबली होती, ती हळूहळू तुटून त्यांची साखर होते, आणि यीस्ट परत कामाला लागतं. याला हॉप क्रीप म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी १८९३ सालीच हे लिहून ठेवलं होतं, मधली कितीतरी वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि भरपूर ड्राय हॉप घालायची पद्धत आल्यावर ते परत सगळ्यांना आठवलं.

म्हणजे माझी पहिली बरणी खोटी नव्हती, पण ती हॉप्सच्या आधीच्या बिअरबद्दल बोलत होती. आता टाकीत होती ती वेगळीच बिअर.

म्हणून ड्राय हॉप घातला त्याच दिवशी मी दुसरी बरणी लावली होती, टाकीतलीच बिअर, त्याच प्रमाणात हॉप्स, पण ऑफिसातल्या फ्रिजवर म्हणजे तिसाच्या आसपासच्या उबेत. ती काढली, गाळली, २० पर्यंत थंड केली, हायड्रोमीटर सोडला आणि काही न बोलता सरांना बघायला दिला. १.००८.

त्याच वेळी दुसरी टेस्ट चालू होती. टाकीतलं सॅम्पल दोन ग्लासांत, वर फॉइल, एक तसंच आणि एक ६०-६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास. यीस्ट परत काम करायला लागलं की एक पदार्थ तयार करतं ज्याला स्वतःला वास नसतो, पण गरम केल्यावर त्याचं डायसेटिल होतं आणि त्याला बटर पॉपकॉर्नसारखा वास येतो. संपलेल्या, निवांत बिअरमध्ये दोन्ही ग्लास सारखेच लागायला पाहिजेत. फॉइल काढून मी गरम केलेला ग्लास थंड करून काकांच्या हातात दिला. त्यांनी नाकाजवळ नेला आणि लगेच बाजूला केला. "लोणी," एवढंच म्हणाले.

आता तीन गोष्टी एकाच बाजूला बोलत होत्या, एक पॉइंट उतरलेलं रीडिंग, बरणीतलं १.००८ आणि लोण्याचा वास. बुडबुडा मी अजूनही पुरावा धरत नाही, पण काकांना तो दिसला म्हणून आम्ही थांबलो हेही खरं आहे.

मग हिशेब मांडला. ढोबळ मानाने एक पॉइंट उतरला की अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस). आम्हाला बाटलीत हवा होता अडीच व्हॉल्यूम. २० अंशांच्या बिअरमध्ये साधारण ०.८५ आधीच विरघळलेला असतो, बाकीच्यासाठी लिटरला साडेसहा ग्रॅम साखर, कारण ४ ग्रॅम साखर साधारण एक व्हॉल्यूम देते. ह्या अडीचवर उरलेले तीन पॉइंट म्हणजे आणखी दीड व्हॉल्यूम. एकूण चार. साध्या बिअरच्या बाटलीला हे झेपत नाही, त्यात पत्र्याखालची ३५ च्या वरची उष्णता, कारण गरम झालं की गॅस द्रवात कमी मावतो आणि दाब वाढतो. त्या उष्णतेत आतला दाब गाडीच्या टायरच्या अडीच पट धरा, आणि तो काचेच्या आत, आणि शेजारी रेस्टॉरंटमधली पोरं खोकी उचलतायत. एक बाटली फुटली की काचा शेजारच्या बाटल्यांवर जातात. मला त्या पोरांचे हात आणि डोळे दिसत होते, बिअर वाया जाण्याचं तर मी मनातही आणलं नव्हतं.

सरांनी हार मानली असं म्हणणार नाही, त्यांनी विचार केला आणि दोन मार्ग सुचवले. पहिला, टाकी एकदम थंड करू, यीस्ट झोपेल. पण आमच्या बाटलीत गॅस बनायला यीस्ट जागं लागतंच, आणि शेडमध्ये ते जागं होणारच. दुसरा मार्ग खरंच विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, तीन पॉइंट म्हणजे दीड व्हॉल्यूम ना, अधिक ०.८५, म्हणजे जवळजवळ अडीच झालाच की, मग साखर न घालताच भरूया. गणित बरोबर जुळत होतं. पण बरणी उबेत होती, सतत हलवलेली, टाकी थंड आणि तळाशी हॉप्सचा थर, शेवटचा आकडा एक-दोन पॉइंट इकडेतिकडे होऊ शकतो, आणि टाकीला गेज असतो, व्हॉल्व असतो, बाटलीला काहीच नसतं. शिवाय ते लोणी बाटलीत जाणार. मी म्हटलं, "सर, अंदाज टाकीत करूया, बंद काचेत नको."

काकांनी मध्येच भाटीचं काढलं. काजूचा रस माठात दोन-तीन दिवस आंबत फसफसतो आणि मग भाटीवर चढतो. घाई केली तर हुर्राक कमी पडतो, इतकंच नुकसान. "आमच्या माठाला झाकण कोण ठोकतो?" ते म्हणाले. मला हे अगदी पटलं. सगळा फरक त्या झाकणात आहे.

सरांनी स्वतः रेस्टॉरंटला फोन केला. बोलणं काही गोड झालं नाही, पण त्यांनी तारीख सोडली आणि वर्धापनदिनाला आमची केगमधली दुसरी बिअर घेतली. बाटल्या परत क्रेटमध्ये गेल्या. टाकी २० ला धरून ठेवली, थंड केली नाही, कारण डायसेटिल परत शोषून घ्यायलाही यीस्टला ऊब लागते. ग्रॅव्हिटी हळूहळू उतरली, १.०१०, १.००९, मग १.००८, आणि तिथे ती पुढच्या रीडिंगलाही हलली नाही आणि त्याच्या पुढच्यालाही नाही. दोन्ही ग्लासांचा वास सारखा झाला. अल्कोहोल ६.३ टक्के भरलं, म्हणजे सगळी लेबलं नवीन छापावी लागली, तो खर्च झाला.

आता आमच्या वहीत ड्राय हॉप ही स्वतंत्र ओळ आहे आणि तिच्या आधीचं कुठलंही रीडिंग बॉटलिंगसाठी धरत नाही. फळ घातलं, काजूचा रस घातला, गूळ घातला, तरी तेच, मोजणी तिथून परत सुरू. घरी पाच-दहा लिटर करणाऱ्यांनाही हे जमतं, लॅब लागत नाही, एक बरणी, एक हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि दोन ग्लास पुरतात. भरताना एक बाटली प्लास्टिकची भरा, सोड्याची चालते, रोज दाबून बघा, दगडासारखी कडक झाली की समजा झाला गॅस. आणि बाटल्या आधीच भरून झाल्या असतील आणि उघडताना बिअर फवाऱ्यासारखी उडत असेल, तर उरलेल्या उबेत ठेवू नका. जाड टॉवेल टाकून, डोळ्यांना चष्मा लावून, पूर्ण हाताचा शर्ट घालून त्या फ्रिजमध्ये हलवा, रात्रभर पूर्ण थंड होऊ द्या, आणि मग एकेक टोपण जरासं सैल करून गॅस जाऊ द्या. पोरांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा.