अबुना येमाता गुह: कड्यावरच्या चर्चला जाणार असाल तर

इथिओपियात तिग्रायमधल्या गेराल्ता डोंगरांत, 2,580 मीटरवर, सुळक्याच्या पोटात कोरलेलं हे चर्च. नेटवर सगळे शेवटच्या अरुंद कडेचाच फोटो टाकतात, बाजूला दोनशे मीटरहून खोल दरी वगैरे, म्हणून आम्ही सगळी धास्ती तिचीच घेतली होती आणि घाम फुटला तो त्याच्या खूप आधी, उभ्या रॉक पॅचवर. याबद्दल कुणी नीट लिहीतच नाही! जेमतेम बोटं मावतील अशा खोबणी, त्याही अनवाणी चढायच्या, कारण जागा पवित्र म्हणून बूट खालीच काढायला लावतात. हरिहर किल्ला केलाय म्हणजे हेही जमेल असं धरून चालू नका, तिथे पायऱ्या आहेत, इथे नाहीत. दोर मिळेल का ते गाईडला आदल्या दिवशीच विचारा.

दुसरं म्हणजे पैसे. पॅचपाशी पोरं आपणहून येतात, तुमचा पाय धरून खोबणीत ठेवतात, मदत खरंच लागते, पण आकडा सांगतात खाली उतरल्यावर. आमच्याकडे गाईडपेक्षा जास्त मागितले. मेगाब गावात गाईड ठरवतानाच मदतनीस किती, प्रत्येकी किती बिर्र, पुजाऱ्याचे वेगळे का, सगळं बोलून घ्या आणि सुटे जवळ ठेवा. किल्ली पुजाऱ्याकडे असते, तो वर आहे याची खात्री केल्याशिवाय चढायला लागू नका.

आणि आत गेल्यावर काय सांगू! दोन घुमट खडकातच कोरलेले, एकात येशूचे नऊ प्रेषित गोलाकार, मोठ्ठाले काळेभोर डोळे. चित्रं साधारण 15 व्या शतकातली मानतात, पण हवा इतकी कोरडी की रंग अजून ताजे वाटतात. वेरूळ बघत मोठे झालो आपण, खडक कोरण्याचं नवल नाही, पण असा भिंतीभर रंग इतक्या उंचीवर, अंगावर काटा आला. घाई करू नका, डोळे अंधाराला सरावले की मग चित्रं दिसायला लागतात. फ्लॅश अजिबात नको. गालिच्यात पिसवा असतात, मोजे खिशात ठेवा आणि आत गेल्यावरच घाला.

जून ते सप्टेंबर पावसात जाऊच नका, ओल्या खडकावर अनवाणी म्हणजे जिवाशी खेळ. 2020 ते 2022 इथे युद्ध झालं, त्यामुळे रस्त्यांची आणि सुरक्षेची ताजी माहिती तिग्रायच्या राजधानीत, मेकेलेतच काढा. मरियम कोरकोर हे गेराल्तातलंच दुसरं कोरीव चर्च पण केलं, छान आहे, चालायला बरंच सोपं. उंचीची भीती असेल त्यांनी सरळ तेच करावं, येमाताच्या पॅचवर मध्येच पाय लटपटले तर तुमच्यासोबत खालच्या माणसाचाही जीव धोक्यात येतो.