रात्रभर न फुटलेल्या पेशी

पाठीतल्या पाण्याचा रात्रीच्या इमर्जन्सी लॅबचा रिपोर्ट असा होता: पेशी १४०, सगळ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रोटीन ११०, साखर २८, त्याच वेळची रक्तातली साखर १०४. एवढं वाचलं की टीबीच्या मेनिंजायटिसशिवाय, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीशिवाय, दुसरं काही डोक्यात येतच नाही. वॉर्डानेही रात्रीच एकेटी (टीबीची औषधं) आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं होतं. फॉर्मवर हिस्टरीच्या रकान्यात फक्त ‘डोकेदुखी’. किती दिवसांची, एचआयव्ही तपासलंय का, काही नाही. तो रकाना भरायला कोणाचं काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पाठीतलं पाणी तीन बल्बमध्ये घेतात: पहिला बायोकेमिस्ट्रीला, दुसरा आम्हाला मायक्रोबायोलॉजीत, तिसरा पेशी मोजायला. पहिल्यात सुईबरोबर त्वचेवरचे जंतू उतरू शकतात, म्हणून तो कल्चरला (जंतू वाढवून बघायला) नको. आमचा दुसरा बल्ब रात्रभर वॉर्डच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनशेजारी पडून होता. सकाळी वॉर्डच्या मामांनी आणून दिला तेव्हा हाताला गार लागत होता. लघवी फ्रीजमध्ये ठेवतात, मग हेही ठेवलं. व्हायरसच्या पीसीआरला ते चालतं. पण मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस हे जंतू गारठ्यात मरतात आणि कल्चर कोरं येतं. लघवी असती तर परत पाठवली असती. हे पाणी कितीही उशिरा आलं तरी टाकत नाही, कारण ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ म्हणणारे नातेवाईक दुसऱ्यांदा सही देत नाहीत.

उशिरा आलेल्या नमुन्यात पेशी किती उरल्यात ते बघून तसा शेरा लिहायचा, एवढ्यासाठीच न्यूबाउर चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) भरला. बाहेर ठेवलेल्या पाण्यात दोन तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी निम्म्यावर येतात. लिम्फोसाइट जरा चिवट, गारठ्यात आणखी टिकतात, पण रात्र उलटल्यावर थोड्या तरी सुरकुतलेल्या, फुटलेल्या दिसायला हव्यात. नऊही चौकोन मोजले. १२४ पेशी. दहाने गुणून नवाने भागलं की १३८. रात्रीच्या आकड्याला धक्काच लागला नव्हता. शिवाय लिम्फोसाइट मोहरीसारखे साधारण एका मापाचे असतात; इथे मोहरी होती, राजगिराही होता आणि मधूनच एखादा साबुदाणा.

मग ट्युर्क फ्लुइड घातलं: दोन टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि किंचित जेन्शन व्हायोलेट. त्यात लाल पेशी विरघळतात आणि पांढऱ्या पेशींचं केंद्रक जांभळं होतं. सहा-सात पेशींची केंद्रकं रंगली. बाकी सगळ्या कोऱ्या, म्हणजे त्या पांढऱ्या पेशी नव्हत्याच.

उरलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खालचा गाळ इंडिया इंकच्या (काळ्या शाईच्या) तपासणीसाठी घेतला. ही तपासणी फार सोपी समजतात आणि म्हणूनच बिघडवतात. शाई जास्त झाली की सगळा काळोख, कमी झाली की वलय उठत नाही. गाळाचा एक लूप, शाईचा एक लूप, वर कव्हरस्लिप, हलकेच दाबायची. स्लाइड वर्तमानपत्रावर धरली तर अक्षरं जेमतेम वाचता यावीत. त्याआधी नुसत्या शाईची स्लाइड बघायची, कारण महिनोन्‌महिने उघडझाप होणाऱ्या बाटलीतच यीस्ट वाढलेलं असू शकतं. आमची शाई स्वच्छ निघाली. मग चाळीसच्या लेन्सखाली काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वलयं, प्रत्येकात चकाकत्या कडेची गोल पेशी, एकीला बारीक देठाने चिकटलेला कोंब. लिम्फोसाइटभोवतीही कधी वलय दिसतं, पण त्याची कड पुसट असते, शाईचे कण आत शिरतात. हवेच्या बुडबुड्याला आत काहीच नसतं. इथे शंकेला जागा नव्हती: क्रिप्टोकॉकस, जाड आवरणामुळे शाईत वलय उठवणारं यीस्ट.

त्याचं अँटिजेन (आवरणातला पदार्थ) शोधणारी पट्टीही लावली: थेंबभर डायल्युएंट, वरचं नितळ पाणी ४० मायक्रोलिटर, दहा मिनिटं. दुसरी रेघ त्याआधीच उठली. (अँटिजेन अतोनात असेल तर कधी कधी रेघ उठतच नाही, तेव्हा पाणी पातळ करून पुन्हा लावावं लागतं.)

वॉर्डात फोन केला तर रेसिडेंट म्हणाला, “पण मॅडम, काउंटमध्ये तर लिम्फोसाइट आलेत.” त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, कागद आमचाच होता. स्टेरॉइड आधी थांबवायला सांगितलं. क्रिप्टोकॉकसमध्ये डेक्सामेथासोनने रुग्णाचं नुकसान होतं, हे व्हिएतनामपासून मलावीपर्यंत झालेल्या चाचणीने २०१६ मध्येच दाखवलंय. पाण्याचा दाब कोणी मोजला नव्हता. दुपारी पुन्हा सुई घातली तेव्हा ३४ सेंटिमीटर भरला. २५ च्या वर गेला की पाणी काढून उतरवावा लागतो. एचआयव्हीचं रक्त त्यानंतर आलं. पॉझिटिव्ह.

कल्चर सायक्लोहेक्सिमाइड नसलेल्या साबूरो या बुरशीच्या माध्यमावर लावलं, कारण त्या औषधाने हे यीस्ट दबतं. जोडीला कारळ्याचं अगार. हो, चटणीचेच कारळे, कुटून उकळून गाळलेले. त्यातल्या फिनॉलपासून क्रिप्टोकॉकस मेलॅनिन बनवतो आणि कॉलनी तपकिरी होते. कँडिडा पांढरीच राहते. चौथ्या दिवशी प्लेटवर गुळाच्या रंगाचे ठिपके होते.

रात्रपाळीचा टेक्निशियन कामात वाईट नाही. पाणी नितळ होतं, लाल पेशी नव्हत्या, म्हणून त्याने रंग न घालता मोजलं. आमच्याकडे नितळ पाणी असंच मोजायची रीत आहे, आणि ती मीही कधी मोडली नव्हती. आता ट्युर्क फ्लुइड चेंबरशेजारी ठेवलंय. त्यानंतर मी रजिस्टर मागवलं. मागच्या पानांवर ‘लिम्फोसाइट १००%’ अशा नोंदी आहेत. त्यातल्या कोणत्या रंग घालून केल्या, हे कुठेही लिहिलेलं नाही. मोजून झालं की चेंबर धुऊन पुसून ठेवतात.